डॉक्टर मॅडमना विचारा : पिंजऱ्यातल्या जनावराचा जंगलाला काय उपयोग?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की या पानाकडे येणाऱ्या पत्रांत नागपूरची गोरेवाडा आणि महाराजबाग ही प्राणिसंग्रहालयं ठरलेलीच. सुट्टीत पोरं झू बघून येतात, घरी आईबापांना भलतंसलतं विचारतात, आणि आईबाप ते प्रश्न माझ्याकडे ढकलतात. यंदा पत्रांचा सूर जरा तिखट आहे. प्राणिसंग्रहालयं हवीतच कशाला, असं बऱ्याच जणांनी आपापल्या शब्दांत विचारलंय. मी आयुष्यभर ढोरांची डॉक्टर. रामटेक-पारशिवनीकडच्या सरकारी दवाखान्यांत नोकरी झाली. वाघाला इंजेक्शन देण्याचा मान काही कधी मिळाला नाही. तरी जनावरांचं औषधपाणी हाच धंदा, त्यामुळे या विषयाकडे मी केसपेपरच्या बाजूने बघते. उत्तरं लहानमोठी झाली आहेत. गिधाडांवर लेखणी जरा सैल सुटलीय.

डॉक्टर मॅडम, चौथीतल्या मुलीला गोरेवाड्याच्या सफारीला नेलं. वाघ दिसला तशी सगळी बस ओरडली. ही मात्र गप्प. घरी येताना म्हणाली, "आई, त्यानं काय केलं होतं म्हणून त्याले आत टाकलं?" मला उत्तर सुचलं नाही.
— एक आई, मानेवाडा

ताई, तिला खरं तेच सांगा. त्यातल्या काही वाघांनी खरंच काहीतरी केलेलं असतं, आणि काहींच्या बाबतीत जे केलं ते माणसांनी.

गोरेवाड्याची सफारी २६ जानेवारी २०२१ला सुरू झाली, पण तिथलं बचाव केंद्र त्याआधीचं, २०१५चं. माणसांवर हल्ले केले म्हणून पकडलेला वाघ, आई गेल्यावर शेतात सापडलेली पिल्लं, विहिरीत पडून जायबंदी झालेला बिबट, असे सगळे तिथे येतात. मुलीला साहेबरावाची गोष्ट सांगा. २०१२मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात हा वाघ शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात अडकला. जीव वाचला, पण पुढच्या पंजाची बोटं गेली. तीन पायांवर सांबराच्या मागे कोण धावणार? तो पिंजऱ्यात आला तो कायमचा. २०२०च्या सुरुवातीला गोरेवाड्यात त्याला भूल देऊन कृत्रिम पंजा बसवण्याचा प्रयत्न झाला. गडी शुद्धीवर आला आणि त्याने तो पंजा काढून टाकला. पेशंटला पटलं नाही तर डॉक्टर काय करणार, हा अनुभव बैलांच्या बाबतीत मलाही चिक्कार आहे.

आता हे मुलीला नाही, तुम्हाला सांगते. असं जनावर सांभाळणं हे पुण्याचं काम आहे, पण त्याला संवर्धन म्हणू नये. एका साहेबरावाला पोसल्याने रानातला एकही वाघ वाढत नाही. फायदा होतो तो वेगळ्या वाटेने. समजा उद्या ब्रह्मपुरीकडे एखादा वाघ विहिरीत पडला. काठावर गाव जमलंय, आणि डॉक्टरला बंदुकीतून भुलीचं इंजेक्शन मारायचंय. झायलाझीन-केटामाइन किती भरायचं? कमी पडलं तर वाघ अर्धवट गुंगीत कुणावर तरी जाईल, जास्त झालं तर तिथेच संपेल. हा हिशेब पुस्तकात आला कुठून? बंदिस्त वाघांकडून. त्यांचं वजन काट्यावर करता येतं, रक्त तपासता येतं, निरोगी वाघात काय किती असतं ते लिहून ठेवता येतं. रानातला वाघ काही सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येत नाही.

"मग बरा झाला की परत सोडायचा ना?" हा तिचा पुढचा प्रश्न असेल. कधी जमतं, कधी नाही. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, जिला सगळे अवनी म्हणतात, नोव्हेंबर २०१८मध्ये मारली गेली. तिची मादी बछडी पकडून पेंचमध्ये माणसांच्या नजरेआड मोठ्या कुंपणात वाढवली, आणि मार्च २०२१मध्ये रेडिओ कॉलर घालून जंगलात सोडली. दुसऱ्या वाघिणीशी झुंज झाली आणि थोड्याच दिवसांत ती गेली. याउलट कान्हातल्या दोन अनाथ वाघिणी अशाच वाढवून २०११मध्ये पन्नात सोडल्या, त्या तिथे रुळल्या. शिकार कुंपणात शिकवता येते. पण ज्या जंगलात सोडायचं तिथे जागा मोकळी आहे का, हे कुंपण ठरवत नाही. पन्नात त्याआधी वाघच संपले होते म्हणून जागा होती. पेंचमध्ये घरमालकीण आधीच बसलेली होती.

लहानपणी आमच्या गावी मेलेल्या बैलावर गिधाडांचे थवे उतरलेले मी पाहिले आहेत. आता नातवाला चित्र दाखवावं लागतं. पेंचमध्ये म्हणे हरियाणातून पिंजऱ्यात वाढलेली गिधाडं आणून सोडली. पिंजऱ्यातल्या पाखराला रान काय कळणार? आणि यात झूचा संबंध काय?
— निवृत्त शिक्षक, महाल

सर, संबंध आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारा तोच आहे.

आधी गिधाडं गेली कशाने ते. नव्वदच्या दशकात ढोराला ताप आला, पाय सुजला, बैल लंगडू लागला की डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचायचे. स्वस्त औषध, आणि संध्याकाळपर्यंत जनावर उभं. शेतकरी खूश, कंपाउंडर खूश. पण टोचलेलं ढोर दोनचार दिवसांत मेलं, गावाबाहेर टाकलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. पोट उघडलं की काळीज, आतडी, सगळ्यावर खडूची भुकटी सांडल्यागत पांढरा थर. ते युरिक ॲसिड. २००४मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून येईपर्यंत कुणी विषाणू म्हणत होतं, कुणी आणखी काही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९.९ टक्के घटली. हजारात एक उरलं. आणि यासाठी गावोगावच्या मढ्यांत औषध असावं लागलं नाही. शंभरात एकाहून कमी मढ्यांत ते असलं तरी एवढा ऱ्हास होतो, असा हिशेब निघाला. शंभर गिधाडं एका ढोरावर बसतात ना, ते तुम्हीच पाहिलंय.

डायक्लोफेनॅक बंद करा म्हणणं सोपं. शेतकऱ्याचा बैल दुखण्याने ओरडतोय, त्याला द्यायचं काय? इथे झू येतं. शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांतल्या आणि पक्षी-उपचार केंद्रांतल्या डॉक्टरांना विचारलं : तुम्ही घारी, गरुड, गिधाडं, करकोचे यांना कोणतं वेदनाशामक देता, आणि पुढे काय होतं? डॉक्टरांनी जुने केसपेपर काढले. मेलोक्सिकॅम ६० जातींच्या ७००हून अधिक पक्ष्यांना दिलेलं निघालं, आणि त्याने पक्षी दगावल्याची नोंद नव्हती. त्या आधारावर पुढे बंदिस्त गिधाडांवर रीतसर चाचण्या झाल्या, औषध सुरक्षित ठरलं, आणि २००६मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली.

जरा विचार करा, कुठल्या तरी परदेशी झूमध्ये एखाद्या गरुडाचा पंख दुखावला होता, तिथल्या डॉक्टरने औषधाचं नाव, मात्रा आणि "खातोय, ठीक आहे" एवढं लिहून ठेवलं. त्या पक्ष्याला पाहायला तिकीट काढून आलेल्या कुणालाच या कागदाचा पत्ता नसणार. माझ्या नोकरीत केसपेपर भरणं म्हणजे वरिष्ठांनी लावलेली बिगारी समजणारे सहकारी खूप होते. त्यांच्यापुढे हा दाखला मी नेहमी ठेवते.

आता हरियाणातली गिधाडं. पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणा वनविभाग यांचं गिधाड पैदास केंद्र आहे. भोपाळ, हैदराबाद, जुनागढ, भुवनेश्वर इथेही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मदतीने तिथल्या प्राणिसंग्रहालयांनी अशी केंद्रं काढली. काम भयंकर धिमं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. म्हणून पिंजोरला युक्ती करतात : पहिलं अंडं लवकर उचलून उबवणी यंत्रात ठेवायचं, म्हणजे जोडी दुसरं घालते. खाणं बकऱ्याचं, तेही बकरे आधी काही दिवस आपल्याकडे ठेवून, अंगातलं औषध उतरल्यावरच.

जानेवारी २०२४मध्ये तिथून लांब चोचीची १० गिधाडं पेंचला आणि पांढऱ्या पाठीची १० ताडोब्याला आणली. आल्या आल्या दार उघडलं नाही. जंगलातच उभारलेल्या मोठ्या जाळीच्या घरात त्यांना महिनोनमहिने ठेवलं. तिथलं ऊन, तिथला पाऊस, तिथलं मढं. ऑगस्टमध्ये पाठीवर जीपीएस बांधून सोडलं. तुमचा प्रश्न, रान काय कळणार? काहींना कळलं नाहीच, काही मेली. पण ताडोब्याचं एक पाखरू राज्यामागून राज्यं ओलांडत पार तामिळनाडूत पोचलं. पिंजऱ्यात जन्मलेलं! उडायचं कसं आणि हवेवर तरंगायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिथे विजेच्या तारेला चिकटून गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं की गिधाडासाठी पिंजरा हवा, वाघासाठी नको. गिधाडाला रान कमी पडलं नव्हतं, औषधाने मारलं होतं. औषध काढलं की रान त्याला घ्यायला तयार आहे, फक्त तोवर वंश टिकायला हवा. २०२३मध्ये जनावरांसाठीची किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही गिधाडांना घातक वेदनाशामकंही बंद झाली, हेही त्याच वाटेवरचं पाऊल. सर, गावाकडे कुणाचं ढोर आजारी असेल तर डॉक्टरला मेलोक्सिकॅमच द्या म्हणून सांगा. माणसांच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या कुप्या आणून टोचणारे अजून आहेत. त्याच कारणाने माणसांसाठीची कुपीसुद्धा २०१५पासून ३ मिलिलिटरची, ढोराला न पुरणारी केली.

झूमध्ये वाघांची पैदास सहज होते असं वाचलं. मग तीच पिल्लं जंगलात सोडून वाघ वाढवत का नाहीत? पांढऱ्या वाघाचं तर खास संवर्धन करायला पाहिजे, तो दुर्मीळ आहे ना?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, काटोल

सहज होते, हेच तर कारण. जे जनावर पिंजऱ्यातही बिनतक्रार वितं, त्याची पैदास केली यात मोठेपणा नाही. २०२२च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोकांना विचार, वाघ कमी पडताहेत का. कमी आहे ती जागा, आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट. झूमधला वाघ माणसाला भीत नाही; त्याला माणूस म्हणजे मांसाची बादली. असा वाघ सोडणं म्हणजे त्याला आणि गावाला दोघांना मारणं.

पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, दुर्मीळ उपजातही नाही. एका सुप्त जनुकाची करामत आहे. १९५१मध्ये रीवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. त्याच्या पोटची राधा, आणि पुढे बापलेकीचाच संयोग घडवून १९५८मध्ये पांढरी पिल्लं मिळवली. जगभरच्या पांढऱ्या वाघांचं मूळ बहुतेक तिथेच जातं. रंग टिकवायला नात्यातच जुळवत राहिले, मग तिरळे डोळे, वाकडा कणा, कमी आयुष्य. आपल्याकडे सोयरीक करताना गोत्र बघतात. चांगल्या प्राणिसंग्रहालयात त्या जागी स्टडबुक असतं. प्रत्येक जनावराला क्रमांक, आईबापाचा क्रमांक, जन्म कुठे, गेलं कुठे. कोणत्या शहरातला नर कोणत्या शहरातल्या मादीकडे पाठवायचा ते त्यावरून ठरतं. पांढऱ्या वाघाच्या बाबतीत नेमकं हेच धाब्यावर बसवलं होतं. त्याला बघायला रांग लागते, हे मान्य.

महाराजबागेत वाघाला खसचा कूलर! आमच्या घरात नाही. जंगलात वाघाला कोण कूलर लावतं?
— एक वाचक, नंदनवन

मे महिन्यात ४५ अंश झाले की जंगलातला वाघ दिवसभर पाणवठ्यात बूड टेकून बसतो, नाहीतर नाल्याच्या कपारीत. जागा तो स्वतः निवडतो. महाराजबागेतल्याला आपण निवड ठेवली नाही, म्हणून कूलर आपण लावायचा. तुमच्या घरासाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही, गोकुळपेठेत चौकशी करा.

मॅडम, राग मानू नका. हा सगळा तिकीट विकायचा बहाणा वाटतो. डिसेंबर २०२४मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने मेले. याला संवर्धन म्हणायचं?
— वकील, धरमपेठ

राग कशाला? नाही म्हणायचं. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितलं, आणि संशय कच्च्या मांसावर गेला. जनावरं एकत्र ठेवली, त्यांना बाहेरून आणलेलं खाणं दिलं, की रोगाला दार उघडतंच. पिंजऱ्याचा हा धोका कायमचा आहे. त्या घटनेनंतर राज्यातल्या बाकी प्राणिसंग्रहालयांना सावध केलं गेलं. शवविच्छेदन केलं, नमुने पाठवले, म्हणून कारण तरी कळलं. नाहीतर "वयोमानाने" म्हणून फाइल बंद करायची पद्धतही मी पाहिलेली आहे.

पण बहाणा म्हणताना एवढं लक्षात घ्या. १९७०च्या दशकात भारतातल्या सुसरी, ज्यांना घडियाल म्हणतात, दोनशेच्या आत आल्या होत्या. ओडिशाच्या नंदनकाननमध्ये त्यांची पैदास करायची तर वयात आलेला नर मिळेना. तो आला जर्मनीच्या फ्रँकफर्ट झूमधून, आणि १९८०मध्ये पिंजऱ्यात पहिल्यांदा सुसरीची पिल्लं निघाली. गंगेच्या खोऱ्यातलं जनावर, जोडीदार जर्मनीतून! अरबस्तानातला ओरिक्स १९७२मध्ये रानातून पार संपला. त्याआधी नऊ-दहा वर्षांपासून अमेरिकेतल्या फिनिक्स झूमध्ये थोडे जमवून ठेवले होते. त्यांचा वंश १९८२मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडला. तेव्हाच्या लोकांनी "पिंजऱ्यात काय मजा" म्हणून ते जमवले नसते तर आज ओरिक्स भिंतीवरच्या शिंगांत उरला असता. आणि लांब कशाला, हैदराबादच्या झूने पिसोरी वाढवून २०१७मध्ये अमराबादच्या जंगलात सोडल्या. सशाएवढं हे हरीण. बघायला गर्दी होत नाही, तिकीट खपत नाही.

तरी तुमचा संशय मी खोडून काढणार नाही, कारण देशात नुसती तिकिटं विकणारी झू आहेतच. वकील आहात, उलटतपासणी करा. पुढच्या वेळी गेलात की वाघाचं वजन विचारू नका. मांस कुठून येतं आणि तपासतं कोण? नवीन जनावर किती दिवस वेगळं ठेवता? रखवालदार रोजची वही लिहितो का, आणि ती डॉक्टर वाचतो का? चितळं किती आहेत? हा शेवटचा प्रश्न खोचक आहे. चितळ कुठेही, कसंही वाढतं. ज्या झूमध्ये चितळांचे कळप आणि बाकी सगळं ओसाड, तिथे पैदास केली जात नाही, ती होऊ दिली जाते. १९९२मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांत यातल्या बहुतेक गोष्टी लिहिलेल्या आहेत. आणि माहितीचा अधिकार तुम्हाला मी शिकवावा असं नाही.

शेतात तूर कापताना बिबट्याची पिल्लं सापडली तर झूवाल्यांना द्यायची की काय? मागच्या वर्षी शेजाऱ्याने टोपल्यात घालून घरी आणली होती.
— शेतकरी, कळमेश्वर

भाऊ, हात लावू नका. टोपलं तर नकोच. मादी बहुतेक जवळपास असते, दिवसा माणसांच्या कलकलाटाने पुढे येत नाही. पिल्लं उचलली की ती शोधत फिरते, आणि मग अंगावर येते. त्या बांधावरची कापणी थांबवा, पोरं आणि कुत्री मागे घ्या, आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरावर फोन करा. गावाचं नाव, शेताचा गट नंबर आणि जवळची पांदण सांगा, म्हणजे गाडी भलत्याच शिवारात जाणार नाही. वनखात्याची माणसं बहुधा पिल्लं तिथेच ठेवून कॅमेरा लावतात आणि रात्री मादी येऊन नेते. नाहीच आली, तर मग सेमिनरी हिल्सवरचं उपचार केंद्र किंवा गोरेवाडा. एकदा तिथे दुधाच्या बाटलीवर वाढलेला बिबट तुमच्या शिवारात परत येत नाही, आणि जंगलातही जात नाही. शेजाऱ्याने आणलेल्यांचं पुढे काय झालं ते कळवा.

उमरेडहून मगरीबद्दल आलेलं लांबलचक पत्र पुढच्या अंकात घेते.